दोनशे सत्तर हात

माहूरकर बाई हजेरी घेताना अडायच्या
एकाच नावापाशी.
"रामजीवन कुशवाह?"
आम्ही सहा जण, एकसुरात: "नाही, बाई."
"नाही, तर मग मी नाव कुणाचं घेतलं?"

तत्त्वज्ञान आम्हाला मिळालं होतं
कारण दुसरीकडे जागा मिळाली नव्हती.
पंखा होता, वीज नव्हती.
बाई सांगत होत्या एका ग्रीकाबद्दल,
समुद्राकाठच्या गावातला, अडीच हजार वर्षांपूर्वीचा, हट्टी.
म्हणायचा, आहे ते आहे.
नाही त्याचा विचारसुद्धा करता येत नाही,
विचाराला धरायला काहीतरी असावं लागतं.
तिथून तो एकेक पायरी उतरत गेला
डोळे मिटून, भिंतीला हात लावून:
जन्म नाही, नसण्यातून असणं येईल कसं?
मरण नाही, असणं जाईल कुठे?
हालचाल नाही, सरकायला रिकामी जागा लागते
आणि रिकामं असं काही नसतंच.
खाली फालका बाजारात टांगे खडखडत होते.
"ऐकू येतंय ना? तो म्हणेल, कान खोटं बोलतात."

मला ते पटलं नाही.
माझी आई सराफ्याच्या तोंडाशी हार विकायची.
रात्री पदर झटकून म्हणायची, आज काही नाही.
ते 'काही नाही' मी बघितलेलं होतं,
त्यावर आम्ही जेवलोही होतो.

पौषात बाई आम्हाला किल्ल्यावर घेऊन गेल्या
ग्वाल्हेर दरवाज्याने, तीनदा थांबत; त्यांना दमा.
चतुर्भुजाचं ते एका खडकातलं एवढंसं देऊळ.
चौकीदार किल्ल्या वाजवत: "जल्दी देख लीजिए, मैडम."
भिंतीवर लेख.
देवाच्या बागेला जमीन दिली होती,
लांबी दोनशे सत्तर हात,
रुंदी एकशे सत्त्याऐंशी,
रोजचे हार पन्नास.
बाईंनी बोट न टेकवता दाखवलं:
दोन. सात. शेवटी एक वर्तुळ,
बाकीच्या अंकांपेक्षा लहान,
पाहुण्याच्या घरात अंग चोरून बसलेल्या पोरासारखं.

ज्याने ते कोरलं त्याला वाद घालायचा नव्हता,
त्याला बाग मोजायची होती.
पण 'काही नाही' लिहायलाही
त्याला छिन्नीने दगड काढावा लागला.
आणि ते पुसलंत तर बाग
सत्तावीस हातांवर येते.
पन्नास हारांची फुलं मग कुठे लावाल?
(हे मी मोठ्याने म्हणालो. हारांचा हिशेब मला येत होता.)

बाईंनी श्वास गोळा केला.
"त्या ग्रीकाला असणं कसं दिसायचं माहितीय?
गोल. मध्यापासून चहूकडे सारखं,
कुठे उणं नाही, कुठे अधिक नाही.
आणि इथे या माणसाने नसण्याला..."
वाक्य त्यांनी तसंच ठेवलं.
कुलूप लागलं.

उतारावर मी विचारलं, मग खरं कुणाचं?
"'नसणे' चालवून दाखव."
मी चालवलं, गोट्यांवर पाय सांभाळत:
नाही, नाहीस, नाहीत,
नव्हतो, नव्हतीस, नव्हते,
नसेन, नसशील, नसेल.
"ज्याला तीन काळ आहेत, तिन्ही पुरुष आहेत,
त्याला तू नाही म्हणतोस?"
आणि दहा पावलांवर, स्वतःवरच चिडून:
"पण व्याकरण म्हणजे पुरावा नव्हे. तो हसला असता."

बाई नाहीत आता.
हे वाक्य लिहिताना मी 'आता'पाशी थांबलो बराच वेळ.

तेराव्याला जिवाजीगंजात त्यांच्या घरी
दाराशी चपलांजवळ एक माणूस बसला होता,
पांढरे केस, ट्रकवाल्याचे दंड.
फी भरली त्याच आठवड्यात त्याचा बाप गेला होता
आणि तो इटावा लाइनवर क्लीनर झाला होता.
वर्ग त्याने कधी पाहिला नव्हता.
"मैडम कभी हमारा नाम लेती थीं क्या?"

"रोज," मी म्हणालो.